चिचटोल्याला थांबणारी गाडी

नागभीडला मी भाड्याची खोली बघायला गेले, तेव्हा घरमालकांनी माझ्या आडनावावरून गाव काढलं नाही की मटण शिजवता का हेही विचारलं नाही. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत एकदा पाहिलं आणि विचारलं, "म्याडम, गाडीत बसता तं खिडकीकडे तोंड करून बसता, का मानसाकडे?"

मी साताऱ्याकडून ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवायला नुकतीच आले होते. इकडची भाषा अजून कानात बसली नव्हती, त्यामुळे हा प्रश्न भाषेमुळे विचित्र वाटतोय की मुळातच विचित्र आहे, हे ठरवायला मला थोडा वेळ लागला. शेवटी म्हटलं, "खिडकीकडे."

"मंग वरची खोली तुमची," ते म्हणाले.

"आणि माणसांकडे म्हटलं असतं तर?"

"तरी देली असती. पन खालची देली असती."

वरच्या खोलीच्या खिडकीतून रेल्वेचे रूळ दिसत, रुळांपलीकडे धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, आणि त्यांच्याही पलीकडे जंगलाची काळसर रेघ. मी सामान टाकलं आणि त्या दिवसापासून एका वेड्याच्या घरात राहायला लागले. त्यांना सगळं गाव भाऊ म्हणायचं, म्हणून मीही भाऊ म्हणू लागले. त्यांच्या बायकोला सगळे बाई म्हणत. बाई शहाण्या होत्या. इतक्या शहाण्या की भाऊंना वेडं राहणं परवडत होतं.

दुसऱ्या की तिसऱ्या सकाळी भाऊ अंगणात चहाचा कप घेऊन फार उदास बसलेले दिसले. मी विचारलं, "काय झालं भाऊ?"

"आपली गाडी आज लेट हाये."

"कुठली गाडी?"

"आपली."

"कुठं अडकली?"

"तेच तं मालूम नाई म्याडम. मालूम असतं तं लेट काऊन म्हनलं असतं?"

मला वाटलं, कुणी पाहुणे येणार असतील. कॉलेजात सहज बोलून गेले की आमच्या घरमालकांची गाडी आज उशिरा येतेय, तर अख्खी स्टाफरूम टेबलावर डोकं ठेवून हसली. गणिताचे सर डोळे पुसत म्हणाले, "म्याडम, ते गाडी अजून निघालीच नाई. ते त्याइच्या डोक्यात हाये."

पण डोक्यातली गाडीसुद्धा लेट झाली तर भाऊ तिच्यावर खरोखर चिडत. हा प्रामाणिकपणा मला आवडला. स्वतःच्या मनातली गाडी माणूस वेळेवर आणू शकतो, कोण बघायला येतंय? पण भाऊ म्हणत, "खोटं काऊन बोलू? सिंदेवाहीच्या पुढे रुळावर रानगवे बसले असन तं?"

आमच्या या जंगलपट्ट्यात, म्हणजे झाडीपट्टीत, धान घरात आलं की नाटकांचे दिवस सुरू होतात. वडशाहून नाटक मंडळ्या निघतात, गावोगावी मंडप पडतात आणि माणसं चटया-चादरी घेऊन रात्ररात्र नाटक बघतात. या मंडळ्यांना भाऊ पडदे पुरवत. राजवाडा, जंगल, तुरुंग, पाटलाचं घर, शहरातला रस्ता, असे पडदे त्यांनी स्वतःच्या हातानं रंगवले होते. मग स्क्रीन आले, फ्लेक्स आले आणि पडदे घराशेजारच्या गोडाऊनमध्ये गुंडाळून पडले. रिकामा झालेला माणूस पत्ते कुटतो, नाहीतर ग्रामपंचायतीला उभा राहतो. भाऊंनी रेल्वे काढायची ठरवली.

त्याला निमित्त झालं पेपरातल्या एका बातमीचं. खासगी पार्टीला स्वतःच्या पैशानं पर्यटकांसाठी गाडी भाड्यानं घेऊन चालवता येईल, असं त्यात होतं. भाऊंनी ती बातमी गावातल्या प्रत्येकाला वाचून दाखवली, ज्यांना वाचता येत होतं त्यांनाही. हिशेब त्यांच्या मते सोपा होता. "इंजिन सरकारचं, डबे भाड्याचे, पैसा पार्टीचा, अन् डोकं आपलं. यातलं आपल्याजवळ काय हाये? डोकं. म्हनजे सुरुवात झाली."

गाडी नागभीडहून चंद्रपूरकडे जाणार होती, जंगलातून, बैलगाडीला लाज वाटेल अशा चालीनं. पळसाला फूल आलं की थांबायची. मोर आडवा आला की थांबायची. मोहफुलं वेचणाऱ्या बायका दिसल्या की थांबायची, आणि त्या बायका "जा नं बापू आता" म्हणाल्या की निघायची. जेवणाच्या डब्यात लाखोळीच्या डाळीचे वडे, वरून टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, आणि चारोळ्या. एक डबा बाजाराच्या बायांसाठी, त्यात टोपल्या, कोंबड्या, शेळीचं पिल्लू, सगळं चालेल. "टुरिस्टले काय दाखवाचं? आपल्याले दाखवाचं नं! आपन काय कमी पाह्यन्यासारखे हाओ?"

खर्ऱ्याचा प्रश्न मात्र बरेच दिवस चिघळला. इकडे तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटल्याशिवाय माणसाचा हात रिकामा राहत नाही. गाडीत खर्रा चालू द्यायचा की नाही, यावर अंगणात बैठका झाल्या. भाऊंनी शेवटी निकाल दिला की खर्रेवाल्यांचा स्वतंत्र डबा असेल, सगळ्यात शेवटी. बाई आतून भाकरी थापता थापता म्हणाल्या, "अन् त्या डब्याच्या खिडकीखाली कोनी उभं राहाचं नाई, असं म्याडमकडून इंग्रजीत लिहून घ्या."

म्हणजे मीही एव्हाना नोकरीला लागले होते. इंग्रजी पाट्यांचं खातं माझ्याकडे होतं. आधी मी हसण्यावारी नेलं, नंतर रविवारचा पूर्ण दिवस पाट्यांत घालवू लागले आणि एकदा तर भर वर्गात, मुलांना निबंध लिहायला लावून, 'वानरांना खाऊ देऊ नये, ते नंतर तिकीट मागतात' या वाक्याचं भाषांतर करत बसले. वेड लागण्यासाठी माणसाला फार चढावं लागत नाही. शेजारी बसलं तरी पुरतं.

वाघाबद्दल भाऊंचं धोरण स्पष्ट होतं. "वाघ दिसन याची ग्यारंटी नाई. वाघाले आपन दिसू, याची पक्की ग्यारंटी." हे ते मोहर्लीला, व्याघ्रप्रकल्पाच्या दाराशी जाऊन, सफारीच्या जिप्सीवाल्यांनाही सांगून आले. मोहर्लीचे जिप्सीवाले म्हणजे वाघाचे जावईच. कोणती वाघीण कुठल्या पाणवठ्यावर आहे हे ते तोंडपाठ सांगतात. त्यांतला एक जण म्हणाला, "भाऊ, आमची जिप्सी वाघाच्या मांगं जाते. तुमची रेल्वे रुळ सोडून कुठी जाईन?"

भाऊ म्हणाले, "माही रेल्वे कुठीच नाई जानार. वाघाले फिराचा शौक हाये. तो येईन."

हिवाळ्याच्या सुट्टीत भाऊ आणि मी भामरागडलाही गेलो. तिकडे रूळ नाहीत, पावसाळ्यात रस्तेही राहत नाहीत, पण भाऊंना पुढची लाइन तिथवर न्यायची होती. नद्या मिळतात तिथं बाजूच्या गावचे एक माडिया आदिवासी आजोबा जाळं सुकवत बसले होते. भाऊंनी त्यांना वाळूवर काडीनं इंजिन, डबे, खिडक्या, खिडक्यांतले टुरिस्ट असं सगळं काढून दाखवलं. आजोबांनी शांतपणे ऐकलं आणि अडखळत्या मराठीत एकच विचारलं, "येतील, बरं हाय. जातील कवा?"

भाऊ इतके खूश झाले की त्यांनी आजोबांचे दोन्ही हात धरले. परतीच्या वाटेवर सारखं म्हणत होते, "कोनी विचारलंच नव्हतं म्याडम! येनार कवा हेच सगळे विचारते. जानार कवा हे आपल्या टाइमटेबलात नव्हतंच!" घरी आल्याबरोबर त्यांनी टाइमटेबलात येण्याच्या आधी जाण्याची वेळ लिहिली. आणि भामरागडची लाइन मुळातून रद्द केली. म्हणाले, "त्याले नको हाये. तोंडानं नाई म्हनला, पन मले समजलं."

आता बाईंबद्दल सांगायला हवं, कारण खरी भानगड तिथं होती.

बाईंना बस लागायची. बस लागणं म्हणजे आपल्याला वाटतं तसं नव्हे, की घाट आला आणि जरा मळमळलं. बाईंना स्टँडवर उभ्या बसचा वास आला तरी पोटात ढवळे. जीप, मोटार, ऑटो, सगळं सारखंच. मोटरसायकलवर त्या कधी बसल्या नव्हत्या, आणि भाऊंना चालवताही येत नव्हती. रेल्वे मात्र त्यांना लागत नसे. रेल्वेत त्या फुटाण्यांची पुडी संपवून शेजारणीच्या पुडीत हात घालत. त्यांचं माहेर होतं चिचटोला, जंगलात, लाइनीला लागून. तिथं एक हॉल्ट होता, आणि पॅसेंजर तिथं एक श्वास घ्यायला थांबायची. बाई लग्न झाल्यापासून मनात आलं की टोपली उचलून माहेरी जात आणि संध्याकाळच्या गाडीनं परत येत. मग तो थांबा गेला. गाड्या चिचटोल्यावरून धडधडत जाऊ लागल्या. अलीकडच्या स्टेशनावर उतरलं, पलीकडच्यावर उतरलं, तरी पुढं जंगलातून जीपच. तिकडे बाईंची आई एकटी, थकलेली, ती काही येऊ शकत नव्हती. इकडे बाई जाऊ शकत नव्हत्या. फोनवर दोघी रोज बोलत. आई रोज विचारे, "कवा येतं वो?" आणि बाई म्हणत, "येतो नं माय, गाडी सुरू झाली का येतो."

भाऊंच्या गाडीच्या टाइमटेबलात कितीही फेरफार झाले, स्टेशनं आली आणि गेली, तरी चिचटोला कधी हलला नाही. मी एकदा पाट्या लिहिताना विचारलं होतं, "भाऊ, चिचटोल्याला टुरिस्टला काय दाखवायचं?" भाऊ पडद्याला टाके घालत होते. मान वर न करता म्हणाले, "तिथी गाडी थांबते, इतकंच लिहा." तेव्हा मला कळलं की ही सगळी रेल्वे कुणासाठी चालली आहे. बाईंना कळलं होतं की नाही, कोण जाणे. फक्त "भाऊंची गाडी" म्हणून गावात कुणी खिदळलं की त्याच्या कपात त्या चहा अर्धाच भरत.

शेवटी एक पार्टी मिळाली. नागपूरचे एक शेठ होते, त्यांचं मोहर्लीकडे रिसॉर्ट होतं. जिप्सीवाल्यांनी थट्टेनं त्यांना भाऊंची गोष्ट सांगितली आणि शेठला ती थट्टा वाटली नाही. फोन आला, "भाऊ, आयडिया अच्छी है. येतो, दाखवा."

दाखवा म्हणजे काय दाखवायचं? भाऊंनी एक दिवस विचार केला आणि गोडाऊन उघडलं. अंगणाबाहेरच्या मैदानावर बांबूचे डबे उभे राहिले, एकामागे एक. त्यांना खिडक्या होत्या, आत मंडपाच्या खुर्च्या होत्या. खिडक्यांच्या बाहेरून जंगल धावायचं होतं. त्यासाठी भाऊंनी आयुष्यभराचे जंगलाचे पडदे एकाला एक शिवून एक लांबच लांब पडदा केला, दोन्ही टोकांना बांबूचे रूळ लावले आणि ते फिरवायला दोन दांडगे गडी बसवले. जंगल थोडं कमी पडलं. म्हणून मधे राजवाडा आणि तुरुंग शिवले.

चूक झाली ती पुकाऱ्यात. भाऊंनी लाउडस्पीकरवाल्याला इतकंच सांगितलं की उद्या गाडीची ट्रायल आहे, रस्त्यावर ढोरं बांधू नका, पाहुणे येणार आहेत, एवढं गावात फिरून सांग. तो बिचारा जन्मभर फक्त नाटकांची जाहिरात करत आलेला. त्याला दुसऱ्या पद्धतीनं बोलताच येत नव्हतं. त्यानं माइक हातात घेतला आणि सुरू झाला, "येऊन राह्यली, येऊन राह्यली, येऊन राह्यली! मायबाप रसिक हो! आपल्या नागभीड नगरीत, उद्या दुपारी, भव्य आणि दिव्य, हसवनारी, रडवनारी, काळजाचं पानी करनारी... आपली गाडीऽऽऽ!"

आता झाडीत नाटक म्हणजे नुसतं नाटक नसतं. गावात नाटक लागलं की घरोघरी पाहुणे बोलावतात. लेकी येतात, जावई येतात, सोयरे येतात, आणि नाटकाच्या निमित्तानं पोरी दाखवतात, लग्नं जमतात. त्या एका पुकाऱ्यानं आजूबाजूच्या सगळ्या गावांत फोन गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी शेठ आपल्या मॅनेजर मुलीला घेऊन आले, तर मैदानात पाय ठेवायला जागा नाही. जावई नवीन शर्ट घालून पुढं बसलेले, म्हाताऱ्या भर उन्हात चादरी पांघरून तयार, आणि दुसऱ्या डब्यात एका मुलीचा बघण्याचा कार्यक्रम चालू. मी माइकवर होते. गाडीच्या सूचना द्यायला म्हणून मला बसवलं होतं, पण मला हसू इतकं येत होतं की पहिली सूचना तीनदा सुरू करावी लागली.

शेठ अंगानं भरलेले, स्वभावानं मोकळे. त्यांनी इकडं तिकडं पाहिलं. "भाऊ, गाडी कहाँ है?"

"बसा नं शेठ, मंग दिसन."

शेठ बसले. भाऊंनी काळा कोट घातला होता, कोणत्या तरी नाटकातल्या वकिलाचा. त्यांनी हिरवी झेंडी दाखवली, शिटी फुंकली, गड्यांनी बांबू फिरवले आणि खिडकीबाहेरचं जंगल चालू लागलं. खरं सांगते, मी खुर्ची घट्ट धरली. झाडं मागं जात होती. वड, मोह, साग, मधूनच एक हरीण. पाच-सहा बायका टोपल्या घेऊन डब्यात शिरल्या आणि चण्यांवरून खरोखरच भांडू लागल्या. कुणाची तरी कोंबडी शेठच्या मांडीवरून गेली. मॅनेजर मुलगी किंचाळली आणि मग लगेच तिनं मोबाइल काढून त्या कोंबडीचा फोटो घेतला. एकाएकी खिडकीत राजवाडा आला.

"ये कौनसा महाल?" शेठनं विचारलं.

"बल्लारशाचा किल्ला," भाऊ एका दमात म्हणाले.

पाठोपाठ तुरुंग आला. "अन् हे?"

"राजाचा भाऊ इथी होता." आणि गड्यांकडे बघून खाकरले, तसं जंगल लगबगीनं परत आलं.

शेठ हसून हसून लाल झाले होते. वडे खाऊन झाले, टेंभरं झाली. मधल्या डब्यात खिडकीशी बाई बसल्या होत्या, मांडीवर टोपली घेऊन, आणि खोट्या जंगलाकडे अशा बघत होत्या की मी माइकवर बोलायचं विसरले. मग भाऊंनी लाल झेंडी दाखवली. पडदा थांबला. मी जाहीर केलं, "चिचटोला."

शेठनी टाइमटेबलाचा कागद पुढं ओढला. "भाऊ, एक बोलू? मला सगळं पसंत आहे. पैसा मी लावतो. खर्ऱ्याचा डबा पन मंजूर. पन ये चिचटोला काटना पड़ेगा. इथं गाडी थांबली तर माझ्या पाहुण्यांची दुपारची सफारी जाते. इथं आहे काय?"

भाऊ म्हणाले, "चिचेचं झाड हाये."

"और?"

"झाडाखाली बाकडं हाये."

"और?"

भाऊंनी कोटाचं बटण लावलं, सोडलं. "तिथून हाकेच्या अंतरावर माही सासू राह्यते," ते म्हणाले.

सगळं मैदान खदखदलं. जावई लोकांनी तर शिट्ट्या मारल्या. शेठही हसले आणि भाऊंच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "चलो, सासूबाईला माझी मोटार पाठवू. पन हॉल्ट नाही. बोला, हो म्हणता?"

बाई खिडकीतून ओरडल्या, "हो म्हना नं जी! सासूसाठी कोनी रेल्वे सोडते काय?"

भाऊंनी बाईंकडे पाहिलंच नाही. त्यांनी शिटी तोंडात घातली, एक लांब फुंकर मारली आणि खूप अदबीनं म्हणाले, "शेठ, तुमचं स्टेशन आलं. उतरा जी."

शेठना आधी कळलंच नाही. पण डब्यातल्या लोकांना लगेच कळलं. कुणी शेठची बॅग उचलली, कुणी मॅनेजर मुलीला हात दिला, एका म्हातारीनं "सांभाळून जाजा बापू" म्हणून शेठच्या गालावरून हात फिरवला. दोघं खाली मैदानात उभे. भाऊंनी हिरवी झेंडी दाखवली. जंगल चालू लागलं आणि गाडी त्यांना सोडून निघून गेली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तेवढ्यात मैदानातून जो गजर उठला त्यानं मी खुर्चीतून उडाले.

"वन्स मोअर!"

झाडीच्या प्रेक्षकाला सीन आवडला की तो परत घेतो. मेलेला नायकसुद्धा इथं उठून दुसऱ्यांदा मरतो. लोक उठून उभे राहिले, "वन्स मोअर! वन्स मोअर!" कुणाला काही समजावण्याची सोय नव्हती. शेठ दिलदार माणूस. त्यांनी घाम पुसला, बॅग घेतली आणि परत डब्यात चढले. पडदा मागं फिरवला. मी परत म्हटलं, "चिचटोला."

आता शेठच्या अंगात नट शिरला होता. ते उभे राहिले, हात पसरून म्हणाले, "भाऊ! सगळं मंजूर! गाडीवर तुमचं नाव लिहितो, मोठ्या अक्षरात! तुम्ही मॅनेजर! फक्त हा एक हॉल्ट सोडा!" आणि हळूच, फक्त डब्यात ऐकू येईल असं म्हणाले, "भाऊ, ये सच्ची बोलतोय. फिर नहीं बोलूंगा."

भाऊ थांबले. लोकांना वाटलं, काय अभिनय करून राह्यला! मी जवळ होते. आता ते हो म्हणणार असं मला वाटलं, आणि मला स्वतःलाही तेच हवं होतं. गाडी झाली पाहिजे, एवढंच माझ्या मनात होतं. बाई खिडकीत उभ्या राहून मान हलवून हो, हो, म्हणून खुणावत होत्या. भाऊंनी या वेळी त्यांच्याकडे पाहिलं. पाहतच राहिले. मग शिटी फुंकली, पहिल्याहून पुष्कळ हळू.

"उतरा जी, शेठ."

लोकांनी तिसऱ्यांदा वन्स मोअर मागितला, पण भाऊ गड्यांच्या मागे जाऊन पडदा गुंडाळू लागले होते.

शेठ वड्यांची दुसरी थाळी खाऊन, सगळ्यांशी हात मिळवून गेले. त्यांचा परत फोन आला नाही. दुसऱ्या डब्यातल्या मुलीचं लग्न जमलं आणि ती लाखांदूरकडे नांदायला गेली. गावात कितीतरी दिवस लोक म्हणत होते की इतकं छोटं पण इतकं भारी नाटक नागभीडात झालं नाही, पुढचा प्रयोग कधी आहे? भाऊ चहा घेऊन अंगणात बसायचे. गाडी लेट आहे असंही म्हणायचे नाहीत. ते तेवढं तरी म्हणावेत म्हणून मी मुद्दाम रोज विचारायचे, आणि ते "काई नाई म्याडम" म्हणायचे. ते ऐकून मला रडू यायचं.

मग एका सकाळी मी कॉलेजला सुट्टी म्हणून लोळत होते, तर बाई जिना चढून वर आल्या. अंगावर जरीचं लुगडं, एका हातात लिंबं, दुसऱ्या हातात पन्न्यांचा, म्हणजे प्लास्टिकच्या पिशव्यांचा, जुडगा.

"म्याडम, चला सोबत. एकट्या ह्याइले मी आवरनार नाई."

"कुठं?"

"चिचटोल्याले. बसनं."

खाली भाऊ दारात आडवे उभे होते. "तुले होनार नाई. मरशीन."

बाई म्हणाल्या, "तुमी माह्यासाठी भरली गाडी सोडली, तेबी दोनदा. मी तुमच्यासाठी चार ओकाऱ्या नाई काढू शकत? सरका!"

बसनं गाव सोडायच्या आधीच सुरुवात झाली. पुढची हकीकत सांगण्यासारखी नाही, पण बसमधल्या प्रत्येकानं मात्र उपाय सांगितला. लिंबू चोखा, कागद पोटावर ठेवा, पुढं बघा, मागं बघा, गाणं म्हणा. कंडक्टर म्हणाला तिकिटाचा वास घ्या. भाऊ एका हातानं पन्नी धरून दुसऱ्या हातानं बाईंची पाठ चोळत होते आणि दर थांब्याला म्हणत होते, "उतरू काय वो? परत जाऊ?" बाईंना बोलता येत नव्हतं. त्या नुसतं पुढं बोट दाखवायच्या. सिंदेवाहीनंतर जीप होती, तिच्यात आणखी धक्के. जंगल दोन्ही बाजूंनी जात होतं आणि आम्हा तिघांपैकी एकानंही खिडकीबाहेर पाहिलं नाही.

चिचटोल्याला उतरलो तेव्हा बाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि लुगड्याचं काही खरं राहिलं नव्हतं. आई अंगणात सुपात तांदूळ घेऊन बसली होती. तिनं मान वर केली, कपाळावर हात धरून नीट पाहिलं आणि सूप खाली ठेवलं. उठायला गेली, उठता येईना. बाईच धावत जाऊन तिच्या शेजारी मातीत बसल्या. दोघींनी एकमेकींची तोंडं इतक्यांदा चाचपली की मी दुसरीकडे बघू लागले. भाऊ कुडाजवळ उभे होते, हातात रिकामी पन्नी घेऊन.

"कशी आलीस वो माय?" म्हातारीनं विचारलं. "इकडे तं कोनतीच गाडी थांबत नाई."

बाईंनी पदरानं तोंड पुसलं.

"ह्याइच्या गाडीनं आली," त्या म्हणाल्या.

"सुरू केली काय जावईबापूनं?"

"केली नं."

"अन् चिचटोल्याले थांबते?"

"इथीच थांबते, माय," बाई म्हणाल्या, आणि भाऊ कुडाकडे तोंड करून रडायला लागले.